दमेकरी नात, सिगारेट ओढणारे आजोबा आणि चार रात्रींचं जहाज

सिंहगड रस्त्यावरच्या एका ताईंनी विचारलंय. मे महिन्यात घरातले सहा जण सिंगापूरला जाणार आहेत आणि तिथून चार रात्रींची क्रूझ करणार आहेत. नऊ वर्षांच्या मुलीला दमा आहे. सासरे बहात्तर वर्षांचे, चाळीस वर्षांची सवय, दिवसाला दहा-बारा सिगारेटी. एजंट म्हणतो, ‘जहाज पूर्ण नॉन-स्मोकिंग आहे, काही काळजी करू नका.’ ताईंची काळजी त्यामुळे दुप्पट झाली आहे. हे खरं असेल तर बाबांचे चार दिवस कसे जातील, आणि खरं नसेल तर मुलीचे कसे जातील?

मी सोळा वर्षं प्रवासी जहाजांवर हाउसकीपिंगमध्ये काढली. केबिन स्टुअर्ड म्हणून लागलो, शेवटची सहा वर्षं सुपरवायझर होतो. आता पुण्यात राहून लोकांच्या क्रूझ बुक करून देतो. सिगारेटच्या वासाशी माझा संबंध बहुतेकांपेक्षा जवळचा राहिला आहे, कारण तो वास काढायचं काम आमचंच असायचं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एजंटचं वाक्य अर्धं खरं आहे. आज जवळपास सगळ्या मोठ्या कंपन्यांच्या जहाजांवर केबिनमध्ये, जेवणघरात, थिएटरमध्ये आणि मुलांच्या जागांत सिगारेट ओढता येत नाही. बाल्कनीतही बहुतेक ठिकाणी मनाई आहे. पण त्याच जहाजावर उघड्या डेकचा एखादा कोपरा सिगारेटसाठी राखून ठेवलेला असतो, आणि काही जहाजांच्या कसिनोतही परवानगी असते. बोलताना याला ‘नॉन-स्मोकिंग जहाज’ म्हणतात, पण प्रत्यक्षात धुराला जागा नेमून दिलेली असते. तेव्हा ताई, धूर असेल की नसेल हा तुमचा खरा प्रश्न नाही. तो नेमका कुठे असेल, आणि त्या जागेपासून मुलीची केबिन किती दूर आणि बाबांची किती जवळ, हे तुम्हाला बघायचं आहे.

टोकापासून टोकापर्यंत धूरमुक्त असं मोठं जहाज एकदा होऊन गेलं. कार्निव्हल कंपनीचं ‘पॅराडाइज’ १९९८ मध्ये सुरू झालं. त्यावर प्रवासी सोडाच, कर्मचाऱ्यांनाही सिगारेट ओढायची मुभा नव्हती. हेलसिंकीच्या गोदीत ते बांधलं जात असतानाही आत सिगारेट चालत नव्हती. प्रवाशाकडून आधी लिहून घेत, आणि कुणी पकडला गेला तर अडीचशे डॉलर दंड करून पुढच्या बंदरावर सामानासकट उतरवत, परतीचा खर्च त्याचा त्याने बघायचा. हा नियम २००४ पर्यंत चालला आणि मग सोडून दिला. कारण पैशाचं होतं. सिगारेट न ओढणारे प्रवासी बारमध्ये आणि कसिनोत हात आखडता घेतात, असा कंपनीचा अनुभव होता. शिवाय सहा जणांच्या कुटुंबात एक जण ओढणारा असला तर सहाही जण दुसरं जहाज धरतात. तुमचंच घर बघा ना. हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘पूर्ण’ हा शब्द ऐकून पुण्यातली बरीच माणसं निर्धास्त होतात आणि पहिल्या संध्याकाळी डेकवर गेल्यावर त्यांना फसवल्यासारखं वाटतं.

बाकी काही गोष्टी जहाजावर अवलंबून आहेत. राखीव कोपरा डाव्या बाजूला की उजव्या, कितव्या डेकवर, कसिनोत परवानगी आहे का, दंड किती, हे कंपनीगणिक बदलतं आणि एकाच कंपनीच्या दोन जहाजांतही वेगळं असू शकतं. नियम मधूनच बदलतातही. म्हणून एजंटकडून जहाजाचं नाव घ्या, कंपनीच्या साइटवर त्याच जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे मजल्यांचा नकाशा, उघडा आणि सिगारेटची जागा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तिथे नीट कळलं नाही तर एजंटला ईमेलवर विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. फोनवरच्या ‘हो हो, आहे’चा जहाजावर काही उपयोग होत नाही.

आता धूर जहाजावर फिरतो कसा ते बघू.

जहाज तासाला पस्तीस-चाळीस किलोमीटरने पुढे जात असतं, त्यामुळे डेकवर वारा बहुतेक वेळ पुढून मागे वाहतो. सिगारेटचा कोपरा साधारणपणे एका बाजूला किंवा मागच्या अंगाला ठेवतात तो याच कारणाने. म्हणजे त्या कोपऱ्याच्या मागे, त्याच बाजूला आणि एक-दोन मजले खाली ज्या बाल्कन्या असतात, त्यांच्याकडे वास येऊ शकतो. मुलीची केबिन विरुद्ध बाजूची घ्या आणि जहाजाच्या मध्यावर घ्या. मध्यावर डोलणंही कमी जाणवतं. दमेकरी मुलं असलेल्या घरांना मी आजवर बाल्कनीऐवजी न उघडणाऱ्या खिडकीची केबिनच सुचवत आलोय. बाल्कनीचा मोह मला कळतो, पैसे देऊन समुद्र बघायला चाललो आहोत. पण शेजारच्या बाल्कनीत नियम मोडून कुणी सिगारेट पेटवली, तर मधल्या पातळ पडद्याने काहीही अडत नाही. तुम्ही तक्रार करता, सिक्युरिटीचा माणूस येईपर्यंत पाच-दहा मिनिटं जातात, तोवर सिगारेट संपलेली असते. बाल्कनी नसली तर ही कटकटच नाही, आणि समुद्र डेकवरून जास्त छान दिसतो.

कसिनोची गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. बऱ्याच जहाजांवर कसिनो एका मुख्य डेकच्या मधोमध असतो आणि थिएटरकडून जेवणघराकडे जायचा रस्ता त्यातूनच जातो. तुम्ही खेळायला जाणार नाही, पण रात्रीचा शो संपला की त्याच रस्त्याने परत याल. कसिनोत सिगारेटला परवानगी असेल तर हवा खेचायची यंत्रणा कितीही चांगली असो, जाणाऱ्या-येणाऱ्याला वास लागतोच. उपाय सोपा आहे. एक मजला वर किंवा खाली उतरायचं, तिथून पुढे चालायचं आणि मग पुन्हा लिफ्ट धरायची. पहिल्याच दिवशी असा रस्ता शोधून मुलीला दाखवून ठेवा, मुलं तो मोठ्यांपेक्षा लवकर पाठ करतात. डिस्नेच्या जहाजांवर कसिनोच नसतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

आणखी एक धूर असतो, ज्याचं नाव कुणी काढत नाही. तो जहाजाच्या चिमणीचा. सिगारेटचा एकही कोपरा नसलेल्या जहाजावरही तो असणारच. २०२० च्या जानेवारीपासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकावर जगभर अर्ध्या टक्क्याची मर्यादा आली, त्याहून जास्त गंधकाचं इंधन वापरायचं तर चिमणीत धूर धुण्याची यंत्रणा बसवावी लागते. त्यामुळे पूर्वीपेक्षा खूप सुसह्य झालंय. तरी वारा मागून असेल किंवा जहाज बंदरात उभं असेल, तेव्हा वरच्या डेकच्या मागच्या भागात डिझेलसारखा वास येतो. मुलगी तिथे खोकली तर सिगारेट ओढणारा शोधत बसू नका, तिला पुढच्या भागात न्या.

हे नियम इतके कडक का, तेही बाबांना कळायला हवं. कारण कळलं की वयस्कर माणूस नियम पाळतो, नुसती मनाई त्याला बोचते. समुद्रात आग लागली तर बाहेर पळायला रस्ता नसतो. २३ मार्च २००६ च्या पहाटे ‘स्टार प्रिन्सेस’ हे जहाज जमैकाच्या दिशेने जात असताना एका बाल्कनीत आग लागली. दोन बाल्कन्यांमधले प्लॅस्टिकचे आडपडदे आणि खुर्च्या पेटत गेल्या, आग मजल्यामागून मजले चढली, शंभराहून जास्त केबिन जळाल्या किंवा धुराने निकामी झाल्या आणि एका प्रवाशाचा जीव गेला. चौकशीत सर्वांत संभाव्य कारण निघालं ते पेटतं टाकलेलं सिगारेटचं थोटूक. बाल्कन्यांसाठी आंतरराष्ट्रीय नियम त्यानंतर बदलले आणि २००८ मध्ये लागू झाले. मी त्या काळात जहाजावर होतो. बाल्कनीतल्या खुर्च्या आणि पडदे बदलले गेले, आम्हाला नव्याने प्रशिक्षण मिळालं. तेव्हापासून बाल्कनीत ॲशट्रे दिसली तरी माझ्या पोटात गोळा यायचा.

याच कारणाने एक गोष्ट सासूबाईंनाही आधी सांगा. केबिनमध्ये उदबत्ती, निरांजन, कापूर, मेणबत्ती काहीही पेटवता येत नाही. इस्त्री आणि पाणी गरम करायची कॉइलही बोर्डिंगच्या वेळी काढून घेतात. पुण्यातल्या एका आजींची पूजेची डबी तपासणीत बाजूला ठेवली गेली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. छोटी तसबीर, अष्टगंध आणि सुकं फूल नेलं तर कुणी अडवत नाही. तुमच्या मुलीच्या छातीलाही उदबत्तीविना केबिन बरीच.

आता बाबांकडे वळतो. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा अवघड भाग हाच आहे.

सुपरवायझर असताना एकदा एका स्टुअर्डने मला बोलावलं. बाथरूममध्ये राख दिसली होती, दाराच्या फटीला ओला टॉवेल लावलेला. केबिनमध्ये एक आजोबा होते, आपल्याच देशातले, नातवंडांबरोबर आलेले. त्यांना वाटलं होतं, बाथरूमचा पंखा धूर बाहेर समुद्रात फेकतो. पण ती हवा ओढणारी नळी बऱ्याच केबिनना सामाईक असते, शेजारच्या दोन केबिनमधून आधीच तक्रार आली होती. थोटूक त्यांनी कमोडमध्ये टाकलं होतं. जहाजावरचे कमोड हवेच्या दाबाने ओढणारे असतात, त्यात असं काही अडकलं तर त्या रांगेतल्या सगळ्यांचे बंद पडू शकतात. दंडाची रक्कम मुलाच्या खात्यावर लागली. पैशांचं दुःख त्या घराला झालं असेलच, पण मला आठवतो तो आजोबांचा चेहरा. नातू दारात उभा होता आणि त्यांना त्याच्याकडे बघवत नव्हतं. डेकवर सिगारेटची जागा आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. घरच्यांनी निघताना फक्त एवढंच बजावलं होतं, ‘जहाजावर सिगारेट चालत नाही, आम्हाला लाज आणू नका.’

तेव्हापासून मी प्रत्येक घराला सांगतो, लपवायची वेळ येऊ देऊ नका. डेक प्लॅनचा प्रिंट काढा, सिगारेटच्या कोपऱ्यावर पेनाने गोल करा आणि बाबांच्या हातात द्या. ‘बाबा, ही तुमची जागा, पहाटेचा चहा घेऊन इथे बसता येईल.’ हे तुम्ही सुनेने सांगण्यापेक्षा तुमच्या यजमानांनी सांगितलेलं बरं, आणि मुलीच्या दम्याचा विषय निघाला तर तो दोषारोपासारखा निघू नये. आजोबांना नात प्यारी असते. नेमकं काय करायचं ते कळलं की ते करतात.

दंडाचंही स्पष्ट सांगा. केबिनमध्ये किंवा बाल्कनीत ओढल्यास अनेक कंपन्या अडीचशे डॉलर लावतात, काही पाचशे. लोकांना वाटतं ही लूट आहे. आमच्या बाजूने बघा. जुने प्रवासी सकाळी नऊ-दहापर्यंत उतरतात आणि दुपारी नवे चढू लागतात. तेवढ्या वेळात वास मुरलेल्या केबिनचे पडदे उतरवायचे, गालिचा धुवायचा, गादीचं कव्हर बदलायचं, बंद दाराआड ओझोनचं मशीन चालवायचं. कधी कधी इतकं करूनही वास जात नाही आणि तुमच्या मुलीसारखं कुणीतरी त्या केबिनमध्ये राहायला येतं.

बरेच जण मला विचारतात, या चार दिवसांच्या निमित्ताने बाबांची सिगारेट सोडवता येईल का? मी नको म्हणतो. सिगारेट बंद केल्यावर दुसरा-तिसरा दिवस सर्वांत त्रासाचा असतो, चिडचिड होते, झोप लागत नाही. म्हणजे ऐन सहलीच्या मध्यावर. त्यात जहाज डोलतंय, जेवण परकं, खोली लहान. सोडायची त्यांचीच इच्छा असेल तर फार उत्तम, पण निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलून सुरुवात करा. सरकारची मोफत हेल्पलाइनही आहे, १८००-११-२३५६. सोडायची नसेल तरी निकोटिनचं च्युइंगगम डॉक्टरांना विचारून बरोबर ठेवा. बहात्तर वर्षांच्या माणसाचं हृदय, रक्तदाब बघूनच ते द्यावं. त्याची गरज दोन वेळा पडते. एक विमानात. दुसरी, वारा फार सुटला तर कॅप्टन उघडे डेक बंद करतो तेव्हा. मग सिगारेटचा कोपराही बंद होतो, आणि बाथरूमचा मोह नेमका अशा रात्री होतो. गम साध्या च्युइंगगमसारखं सतत चघळायचं नसतं. थोडं चावून गालाशी धरून ठेवायचं, नाहीतर उचक्या लागतात आणि मळमळतं.

बाबांची केबिन वेगळी घ्या, आणि मधल्या दाराने जोडलेली घेऊ नका. त्या दाराच्या फटीतून कपड्यांचा वासही येतो. त्यांची केबिन सिगारेटच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या लिफ्टजवळ असू द्या. मोठी जहाजं तीनशे मीटर लांब असतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला प्रत्येक वेळी अख्खा कॉरिडॉर चालावा लागला तर चौथ्या फेरीला कंटाळा येतो. सिगारेटसाठी एक वेगळं जाकीट ठेवायला सांगा, ते केबिनमध्येच राहील. हात-तोंड धुवून, दहा-पंधरा मिनिटं थांबून मग नातीजवळ बसायचं. ओढून झाल्यावरही काही वेळ श्वासातून धुराचे कण येत असतात.

सिंगापूरबद्दल इशारा देतो, कारण पुण्याहून जाणारे इथे हमखास चुकतात. सिंगापूरमध्ये सिगारेटला करमाफी नाही. एक पाकीट असलं तरी विमानतळावर कस्टमच्या लाल मार्गाने जाऊन जाहीर करायचं आणि कर भरायचा. बाबांनी इथल्या टपरीवरून कार्टन बांधून घेतलं आणि हिरव्या मार्गाने बाहेर पडले, तर मोठा दंड होतो. खायची तंबाखू, गुटखा, खैनी, जर्दा यांवर तर तिथे पूर्ण बंदी आहे, तेव्हा घरात कुणाला मिश्रीची सवय असेल तर तीही इथेच ठेवा. वेप तिथे नुसता जवळ बाळगणंही गुन्हा आहे, आपल्याकडेही २०१९ पासून त्याच्यावर बंदी आहे. लायटर आणि काडेपेटी आपल्या विमानतळावरच काढून घेतात. लायटर तिकडे गेल्यावर घ्यावा. सिंगापूर शहरातही मनाईच्या जागा खूप आहेत, ऑर्चर्ड रोडचा परिसर २०१९ पासून त्यात आहे.

मुलीसाठी थोडक्यात. इनहेलर आणि स्पेसर हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात अजिबात नको. बंदरावर दिलेल्या मोठ्या बॅगा केबिनपर्यंत यायला कधी कधी संध्याकाळ होते. नेब्युलायझर नेणार असाल तर कंपनीला आधी कळवा आणि डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवा. जहाजावर डॉक्टर असतात, पण बिल डॉलरमध्ये येतं, म्हणून दम्याचा स्पष्ट उल्लेख करून प्रवास विमा काढा. केबिनमध्ये शिरल्यावर सामान उघडण्याआधी पडदे आणि सोफा यांचा वास घ्या. शंका आली तर त्याच क्षणी गेस्ट सर्व्हिसेसला फोन करा. रिकामी केबिन असली तर ती पहिल्या तासात मिळते. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलंत तर फक्त सुगंधी फवारा मिळेल, आणि दमेकऱ्याला तो सिगारेटइतकाच नकोसा असतो.

ताई, एजंटने जहाजाचं नाव आणि केबिनचे नंबर दिले की कळवा. पैसे पूर्ण भरायच्या आधी कळवलंत तर केबिन बदलणं सोपं जातं. डेक प्लॅन समोर ठेवून दोन्ही केबिन कुठे पडतात ते मी बघून सांगतो.